हात किचनमधून येतो

रविवार, ३ ऑगस्ट २०२५

शैलेंद्रचा ईमेल आला. ईमेल! त्याचं घर आमच्या घरापासून गाडीने चार मिनिटांवर आहे. पण मंडळाचा अध्यक्ष झाल्यापासून त्याला ती चार मिनिटं लांब पडायला लागली आहेत.

‘काही सदस्यांच्या सूचनेनुसार यंदा गणेशोत्सवाचे मोदक केटररकडून मागवण्याचा निर्णय कार्यकारिणीने सर्वानुमते घेतला आहे. गेली चौदा वर्षे किचन सांभाळणाऱ्या आपल्या भगिनींना यामुळे हक्काची विश्रांती मिळेल.’

विश्रांती! मी काय ॲडमिट आहे?

उल्हासला मोठ्याने वाचून दाखवलं. भांडणात न पडण्याच्या कामी माझ्या नवऱ्याचा हात धरणारा सबंध सिडनीत सापडायचा नाही. म्हणाला, “मग उत्सवाच्या शनिवारी आरामात ऊठ.” त्यानंतर संध्याकाळपर्यंत मी त्याच्याशी बोलले नाही.

चौदा वर्षं. पहिल्या वर्षी दीडशे मोदक, गेल्या वर्षी सहाशे चाळीस. कोविडमध्ये हॉल बंद होता तेव्हा घरोघर डबे पोचवले. तीन मजली मोदकपात्र मी पुण्याच्या तुळशीबागेतून सामानात घालून आणलं, आणि त्यासाठी स्वतःच्या चार साड्या मागे ठेवल्या. एवढंच कशाला, मंडळाच्या फायबरच्या मूर्तीचा उजवा हात २०१३ साली नेण्याआणण्यात मोडला, तेव्हापासून तो स्क्रूने लागतो. विसर्जनानंतर काढलेला तो हात पंच्यात गुंडाळून पुढच्या वर्षापर्यंत सांभाळते कोण? मीच. मूर्ती शैलेंद्रच्या गराजमध्ये आणि हात माझ्याकडे.

‘काही सदस्य’ म्हणजे कोण ते मला पक्कं ठाऊक आहे. शैलेंद्रची बायको. तिनेच मागे विचारलं होतं, मोदक फ्रोझन चालत नाहीत का म्हणून.

आमच्या घरी गणपती नसतो. तो चिंचवडला मोठ्या दिरांकडे. माझा गणपती म्हणजे तो हॉलमधला. तिथे माझी गरज नसेल तर मग मी त्या दिवशी करायचं काय, हे त्या ईमेलमध्ये लिहिलेलं नाही.

मंगळवार, ५ ऑगस्ट

तिघींना फोन केले. चौदा वर्षं आम्ही चौघी एका ओट्याशी उभ्या आहोत, त्यांना माझ्याइतकाच संताप येणार याची खात्री होती.

वीणा घरी डे केअर चालवते. मागे दोन पोरं रडत होती. म्हणाली, “अगं, किती जिवाला लावून घेतेस? त्यांनी काहीतरी विचार केला असेलच की.” वीणा पहिल्यापासून गरीब स्वभावाची. तिला राग येतो, पण तो बाहेर पडायला आठवडा लागतो.

मयूरा म्हाताऱ्या लोकांच्या होममध्ये नर्स आहे. ती एकदम मनगटाबद्दल काहीतरी सांगायला लागली. मी म्हटलं, मनगटाला तेल लाव, आत्ता विषय काय चाललाय! बिचारीला धक्काच बसला असणार.

नुपूर आमच्यात सगळ्यांत लहान. अकाउंटिंग शिकायला आली आणि आता बस चालवते, आणि मजेत आहे. “ताई, मी शिफ्टला आहे, ब्रेकमध्ये करते हं फोन,” म्हणाली. फोन आला नाही. रागाच्या भरात बस चालवू नये, तेव्हा तेही बरोबरच.

शनिवार, ९ ऑगस्ट

सुचलं!

हॉस्पिटलच्या लॅबमधली शिफ्ट संपवून घरी येताना सिग्नलला एक मोटरहोम शेजारी उभी होती. पुढे दोन पिकल्या केसांच्या बायका, एक स्टिअरिंगवर, दुसरी डॅशबोर्डवर पाय टाकून, सफरचंद खात होत्या. मयूरा किती वर्षं म्हणतेय, एकदा असल्या घरासारख्या गाडीतून समुद्राकाठाने जाऊ या. दर वेळी काहीतरी निघतं.

तर या वर्षी तीस ऑगस्टला, बरोबर उत्सवाच्या दिवशी, आम्ही चौघी गावातच नसणार. हॉलमध्ये ताटं कुठे आहेत, गरम पाण्याचा नळ कुठला, चाळणी कोणत्या खणात, शोधत बसा म्हणावं. गरज सरो नि वैद्य मरो काय? वैद्य मोटरहोम घेऊन समुद्रावर चाललाय.

जेवताना सांगितलं तर ईशानी म्हणाली, “आई, दॅट्स सो पेटी.” एकवीस वर्षांची झाली, युनीत सायकॉलॉजी शिकते. मी म्हटलं, असू दे पेटी, मी कोत्या मनाचीच बरी. उल्हासने फक्त विचारलं, “बाकीच्या तिघींना यायचंय का?” हा काय प्रश्न झाला?

रविवार, १७ ऑगस्ट

तिघी चहाला आल्या. गाडी नुपूर चालवणार. सबंध बस वळवणाऱ्या बाईला मोटरहोम म्हणजे किस झाड की पत्ती.

वीणा म्हणाली, “तीसलाच का? आदल्या शनिवारी नाही जमणार?”

“तीसलाच. तोच तर मुद्दा आहे.”

“नाही, मला वाटलं होतं, या वर्षी काम नाही तर जरा ती जांभळी पैठणी...”

“मोटरहोममध्ये पैठणी? जीन्स घाल गं बाई.”

ती हसली आणि बिस्किट चहात बुडवून बसली. त्यातलं अर्धं चहातच राहिलं. मयूरा मनगटाला काळा पट्टा बांधून आली होती. नुपूर तिच्याकडे बघत होती, मयूरा वीणाकडे, आणि वीणा कपाकडे. एवढं भारावलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

बुधवार, २७ ऑगस्ट

आज चतुर्थी. दिवसभर लॅबमध्ये. दुपारी शैलेंद्रचा फोन. “मंजिरीताई, शनिवारी सकाळी नेहमीप्रमाणे ते तेवढं घेऊन याल ना...”

मी त्याला पुरं बोलूच दिलं नाही. केटरर सांगितलाय, आणि वर माझं मोदकपात्र हवंय! म्हटलं, “शैलेंद्र, या वर्षी किचनमधून काहीही येणार नाही,” आणि फोन ठेवला. आवाज अगदी छान लागला होता.

शुक्रवार, २९ ऑगस्ट

गाडी आणली. रविवारी संध्याकाळी पाचपर्यंत आपली. आत दोन शेगड्या, फ्रीज, बेसिन, झोपायला माळा. देणाऱ्या मुलाने वीस मिनिटं समजावलं: चालत्या गाडीत गॅस बंद, सगळ्या खणांच्या कड्या लावलेल्या, आणि गाडीची उंची विसरायची नाही. “नो वरीज,” मी म्हटलं.

उद्या समुद्रावर एकवीस मोदक करायचे. आमचे, आमच्यासाठी. पिठी, नारळ, गूळ, तूप, सगळं भरलं. मोदकपात्रसुद्धा घेतलं, नाहीतर मी नसताना शैलेंद्र येऊन उल्हासकडून गोड बोलून न्यायचा. झाकणाला गेल्या वर्षीचीच दोरी बांधलेली होती, तसंच उचलून ठेवलं.

शनिवार, ३० ऑगस्ट

सगळं आजच लिहायला हवं. उद्यापर्यंत मी त्यात माझ्या सोयीचे फेरफार करीन. स्वतःला ओळखते.

सकाळी साडेसहाला निघालो. उल्हासने चाकांखाली लिंबं ठेवली होती. भाड्याच्या गाडीलाही ठेवतो, भला माणूस. नुपूरने चारही चिरडली आणि हॉर्न वाजवला. समोरचा शेजारी पायजम्यात बाहेर आला.

मोटरवे संपून समुद्राचा रस्ता लागला. बॉल्ड हिलच्या टेकडीवर पोचलो आणि एकदम खाली पाणीच पाणी. निळं, थंड, आणि कड्यांच्या कडेकडेने वळत जाणारा तो पूल. मयूरा “अगं बाई” म्हणाली. मी कॉफी आणायला गेले.

पुलानंतरच्या एका वळणावर मागे धाडकन आवाज झाला. एक कडी लावायची राहिली होती. ती मीच लावणार होते. किलोभर तांदळाची पिठी ओट्यावरून, गाद्यांवरून, आमच्या डोक्यांवरून पसरली. वीणाच्या भुवयासुद्धा पांढऱ्या झाल्या. नुपूरने आरशात पाहिलं आणि तिला इतकं हसू फुटलं की गाडी बाजूला घ्यावी लागली. दहा मिनिटं आम्ही नुसत्या हसत होतो. अशा चौघी मिळून कधी हसलो होतो, आठवत नाही. ओट्याशी हसायला वेळ नसतो, उकड गार होते.

ऑस्टिनमरच्या बीचवर साडेनऊला गाडी लावली. एवढ्या थंडीत दोन म्हातारे खडकातल्या तलावात पोहत होते. नुपूरने घडीच्या खुर्च्या मांडल्या. तिघी पाय लांब करून समुद्राकडे तोंड करून बसल्या. मी आत गेले, पिशवीच्या तळाशी उरलेली पिठी काढली, गॅस पेटवला, पाणी ठेवलं आणि हाक मारली, “चला गं, हात धुवा.”

कोणी उठलं नाही.

मला वाटलं लाटांमुळे ऐकू गेलं नाही. दारात येऊन पुन्हा म्हटलं. तेव्हा मयूरा मान न वळवता म्हणाली, “मंजू, आज नको ना.”

“नको काय? पाणी उकळतंय.”

“माझं मनगट जूनपासून सुजलेलं आहे. तुला तीनदा सांगितलं.”

“मग तू सारण भर. कळ्या वीणा पाडेल.”

“नाही पाडणार,” वीणा म्हणाली. हळूच, पण म्हणाली. “आम्ही सुट्टीच्या दिवशीसुद्धा मोदकच करायचे का गं?”

मी म्हटलं, हे त्या शैलेंद्रला दाखवून द्यायला, आपल्याला ज्यांनी हाकललं त्यांना... आणि वीणा मध्येच उठून उभी राहिली.

“कोणी हाकललं नाही. ईमेल शैलेंद्रचा होता, पण सांगितलं आम्ही. आम्ही तिघींनी. जूनमध्ये त्याच्या घरी गेलो होतो.”

नुपूर रडायला लागली. “ताई, तुम्हाला सांगायची हिंमत नव्हती. तुम्ही इतक्या खूश असायच्या त्या दिवशी.”

मला काय वाटलं ते लिहिते. आधी वाटलं, ह्या खोटं बोलताहेत. मग वाटलं, सगळ्या सिडनीला माहीत होतं आणि मीच तेवढी शहाणी. मग इतका राग आला की मी तोंडाला येईल ते बोलले. मयूराला आळशी म्हणाले. नुपूरला म्हटलं, परदेशात नवी होतीस तेव्हा जेवायला कोणाकडे यायचीस. हे म्हणायला नको होतं. म्हटलं, तुम्ही बसा महाराण्यांसारख्या, माझी मी करते, आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

मोदकपात्राची दोरी सोडली. झाकण उघडलं. वरच्या ताटलीवर पंचा. पंच्यात हात.

कोपरापासून बोटांपर्यंतचा, गुलाबी, तळव्यावर लाल ॐ काढलेला. गेल्या वर्षी मीच ठेवलेला. बुधवारी शैलेंद्र काय मागत होता ते तेव्हा कळलं. फोन पर्समध्ये गप्प करून ठेवला होता. पाहिला तर त्याचे अकरा कॉल, आणि ईशानीचा मेसेज: ‘आई, गणपतीला हात नाहीये. ते म्हणतायत हात नेहमी किचनमधून येतो.’

दर वर्षी सकाळी मी तो पुसून किचनच्या खिडकीतून बाहेर देते. त्यामुळे काल संध्याकाळी मूर्ती मांडली तेव्हाही कोणाला काळजी वाटली नाही. आता साडेअकराची पूजा, दोनशे माणसं, आणि ईशानीच्या पुढच्या मेसेजप्रमाणे गुरुजी म्हणताहेत खंडित मूर्तीची पूजा मी सांगणार नाही.

हात घेऊन मी बाहेर आले. तिघी बघतच राहिल्या.

“नाही नेणार,” मी म्हटलं. “त्यांना केटरर सापडतो ना? मग हातही सापडेल.”

मयूरा काही बोलणार होती. वीणाने तिला थांबवलं आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. केसांत पिठी, आणि डोळे लाल.

“मंजू, चौदा वर्षं मी बाप्पाची आरती एग्झॉस्ट फॅनमधून ऐकलीये. आपण बाहेर येतो तेव्हा लोक हात धुवत असतात आणि पोरं मखर सोडत असतात. मला मोदकांचा कंटाळा नव्हता गं. मला एकदा, एकदाच, पुढे उभं राहायचं होतं. साडी काढून ठेवली होती. मग तू गाडी ठरवलीस.”

“मग आलीस कशाला?”

“तुला नाही म्हणता येतं का कोणाला?”

आत पाणी उकळून उकळून आटत आलं होतं. मी गॅस बंद केला, खणांच्या सगळ्या कड्या लावल्या, दोनदा तपासल्या, आणि नुपूरला म्हटलं, “काढ गाडी.”

शैलेंद्रसाठी नाही. हे स्पष्ट लिहून ठेवते. शैलेंद्रसाठी मी चार मिनिटंही गेले नसते.

परतीच्या वाटेवर हात माझ्या मांडीवर होता. नुपूर एकही सिग्नल न तोडता अशी काही गाडी चालवत होती की मला तिची माफी मागावीशी वाटली. मागितली. पुढे बघतच म्हणाली, “ताई, मला स्टॉपवर शिव्या ऐकायची सवय आहे. पण तुमची खिचडी मी अजून विसरले नाही हं.” मयूराने मागून माझ्या केसांतली पिठी झटकली. आणखीच पसरली.

हॉलच्या कार पार्कला उंचीची दांडी आहे. गाडी आत जाईना, म्हणून रस्त्यावरच लावली. सवयीने माझे पाय मागच्या, किचनच्या दाराकडे वळले. मग थांबले, वळले आणि तिघींना म्हटलं, “इकडून.”

पुढच्या दाराने गेलो. दोनशे माणसं सिल्कमध्ये, आणि आम्ही चौघी जीन्समध्ये, पिठाने माखलेल्या, माझ्या हातात देवाचा हात. पोरंसुद्धा खेळ सोडून बघायला लागली. शैलेंद्र सोवळ्यात घामाघूम होऊन पुढे आला.

“मंजिरीताई, हे तुम्ही मुद्दाम केलंत?”

खरं म्हणजे विसरले होते. साफ विसरले होते. पण विसरले म्हटलं असतं तर लोक म्हणाले असते, वय झालं, बरं झालं केटरर सांगितला.

“हो,” मी म्हटलं. “मुद्दाम. हात हवा असेल तर आरतीला आम्ही चौघी पुढे. आणि तबक वीणाच्या हातात.”

मागे कोणीतरी हसलं. बहुतेक उल्हास. शैलेंद्रने गुरुजींकडे पाहिलं, गुरुजींनी घड्याळाकडे. “घ्या, घ्या, या पुढे,” गुरुजी म्हणाले, “आणि तो हात आता तुम्हीच लावा.”

मी चौरंगापाशी गेले आणि तिथे माझी पंचाईत झाली. तळवा कुठल्या बाजूला, किती वर, कोपर किती वाकडं, मला काहीच कळेना. इतक्या वर्षांत, हात बसवलेला हा गणपती मी फक्त फोटोत पाहिलाय, आणि फोटोत पुढे माणसं असतात. शेवटी ईशानी आली आणि तिने माझं मनगट धरून वळवून दाखवलं. “असा, आई. आपल्याकडे.”

स्क्रू पिळून बाजूला झाले. हात माझ्याकडेच होता.

वीणाने आरती केली. पाचही आरत्या तिला पाठ, एक कडवं चुकलं नाही. पिठाचे ओघळ गालांवरून खाली येत होते, ते तिने पुसले नाहीत. मयूराला मनगटामुळे टाळ्या वाजवता येत नव्हत्या, म्हणून तिने झांज एका हातात धरली आणि नुपूरने दुसरी तिच्यावर वाजवली. मी टाळ्या वाजवत होते, पण ताल सापडेना. आरती चालू असताना माझे हात कायम दुसऱ्याच कामात असत.

नंतर वाढायला थांबलो नाही. किचनकडे बघितलंही नाही. शैलेंद्रची बायको चार मोदक डब्यात घालून रस्त्यापर्यंत धावत आली. “ताई, मोटरहोम कसली भारी आहे हो, मी आत बघू?” बघ म्हटलं. चपला काढून आत गेली आणि पांढरी होऊन बाहेर आली.

मोदक आम्ही गाडीच्या पायरीवर बसून खाल्ले. कळ्या मोजल्या: अकरा. आम्ही एकवीस पाडतो. तूप कमी. पारी मात्र मऊ होती, आणि चव चांगली होती. हे फक्त इथे लिहिते आहे. विचारलंच कोणी, तर कळ्या अकरा होत्या एवढंच सांगणार.

रविवार, ३१ ऑगस्ट

पाचपर्यंत गाडी आपली आहे, मग सकाळी तिघींना फोन केले. “हात धुवायचे नाहीत, काही आणायचं नाही, नुसतं यायचं.” मयूराने विचारलं, खरंच? तिघी आल्या. वीणा जांभळी पैठणी नेसून आली. गाडीत चढताना मी तिच्या निऱ्या सावरल्या.

मोदकपात्र आमच्या गराजमध्येच ठेवलं. रिकामं. हातही परत आणलेला नाही. आता मूर्ती आणि हात दोन्ही शैलेंद्रने एकाच ठिकाणी सांभाळावेत.

त्याच बीचवर, त्याच खुर्च्यांवर बसलो. आज चारही मांडल्या. ते दोन म्हातारे पुन्हा पोहत होते. दहा मिनिटांनी मी चहा ठेवायला उठले.

“बस,” वीणा म्हणाली.

“अगं, नुसता चहा...”

“मंजू. बस.”

बसले. हात कुठे ठेवावेत कळेना, म्हणून मांडीवर ठेवले. पैठणीचा पदर वाऱ्याने उडून माझ्या तोंडावर येत होता, तो तसाच येऊ दिला. बराच वेळ बसले. मग फोन काढला आणि शैलेंद्रला कळवलं की पुढच्या वर्षी मोदक केटररकडूनच मागवावेत, पण कळ्या एकवीस हव्यात, तूप वाढवावं, आणि आरतीला पुढच्या रांगेत चार जागा कायमच्या राखून ठेवाव्यात.

ईमेलने कळवलं. घर चार मिनिटांवर असलं म्हणून काय झालं?